बोटीवर टिप देताना उरलेली चिल्लर नको, नोटा द्या

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रूझ सहलीबद्दल आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख उपयोगाचा आहे. व्हिसा, सामान, बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, सगळं नीट सांगितलंय. पण शेवटच्या चौकटीत एक सल्ला आहे. परतीच्या दिवशी खिशात राहिलेली परदेशी चिल्लर आपल्याकडे चालत नाही, तेव्हा ती बोटीवरच्या नोकरवर्गाला टिप म्हणून देऊन टाकावी, म्हणजे वाया जात नाही. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. त्या नोकरवर्गात मी २००२ ते २०२० अशी अठरा वर्षं होतो. केबिन स्टुअर्ड म्हणून, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारा. आमच्या भागात सगळे म्हणतात तसं, मी ‘बोटीवर’ होतो.

माझ्या घरी फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. परवा लेकीने तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर दोन किलो तीनशे ग्रॅम भरला. त्यात एक आणि दोन युरोची नाणी आहेत, कॅनडाची एक आणि दोन डॉलरची आहेत, इंग्लंडचा जुना गोल पौंड आहे, तुर्कस्तानचे लिरा आहेत, क्रोएशियाचे कुना आहेत. हा सगळा माझा मेहनताना. लोकांनी उशीखाली, आरशासमोर, टेबलावर ठेवून दिलेला. इंग्लंडचा तो गोल पौंड १५ ऑक्टोबर २०१७ ला व्यवहारातून गेला. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ पासून युरो घेतला आणि कुनाची नाणी बदलून घ्यायची मुदत २०२५ अखेरपर्यंतचीच ठेवली, तीही तिथल्या मध्यवर्ती बँकेत. तिथे मी कसा जाणार? युरो तर आजही चालू चलन आहे, पण नाणी म्हटल्यावर तालुक्याच्या बँकेने हात वर केले आणि म्हापशाच्या मनी चेंजरनेही. जगात जवळपास कुठलाच मनी चेंजर परक्या देशाची नाणी घेत नाही. ती परत त्या देशात पोचवणं त्याला परवडत नाही.

पुण्यात राहणाऱ्या, नोकरीधंदा असलेल्या, वर्षा-दोन वर्षांनी परदेशी जाणाऱ्या माणसाला जी चिल्लर चालवता येत नाही, ती वेंगुर्ल्याच्या, बालीच्या किंवा फिलिपिन्समधल्या सेबूच्या माणसाला कशी चालवता येईल, हे त्या लेखकांनी क्षणभर मनात आणायला हवं होतं.

वाचकांना वाटेल, बोट तर बंदरोबंदरी जाते, तिथे खर्च करायची नाणी. आमचा दिवस कसा असतो ते सांगतो. माझ्याकडे अठरा केबिन असायच्या. सकाळी सातला कामाला लागायचं, दुपारी दोनच्या सुमाराला सुटायचं, संध्याकाळी साडेपाचला परत, रात्री साडेनऊ-दहापर्यंत. बोट बंदराला लागते सकाळी आणि सुटते संध्याकाळी. मधल्या दोन-तीन तासांत खाली उतरायचं, घरी फोन करायचा, साबण-टूथपेस्ट घ्यायची आणि धावत परत यायचं. तेही त्या दिवशी बोटीवर सेफ्टी ड्रिल नसेल तर. ज्या दिवशी जुने प्रवासी उतरतात आणि नवे चढतात, त्या दिवशी अठराच्या अठरा केबिन धुऊनपुसून उभ्या करायच्या असतात, जमिनीला पाय लागत नाही. आणि प्रवासी चिल्लर देतात ती नेमकी शेवटच्या रात्री किंवा त्याच सकाळी, म्हणजे त्या देशाचं बंदर मागे पडल्यावर. बार्सिलोनाची नाणी हातात पडेपर्यंत बोट अटलांटिक ओलांडायला निघालेली असायची.

बोटीच्या आत प्रत्येक कंपनीचं एक ठरलेलं चलन असतं. अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर अमेरिकन डॉलर, मग बोट अलास्कात असो नाहीतर भूमध्य समुद्रात. युरोपातल्या काही कंपन्यांच्या बोटींवर युरो. साउथहॅम्प्टनहून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींवर पौंड. सिंगापूरहून सुटणाऱ्यांचं कंपनीप्रमाणे बदलतं. तिकिटाच्या कागदपत्रांत हे लिहिलेलं असतं, नसेल तर बुकिंग करणाऱ्याला विचारावं. आमचा पगार त्या चलनात, आमच्या मेसच्या दुकानातला हिशेब त्या चलनात, घरी पैसे पाठवायचे तेही त्यातूनच. त्या चलनाची नोट हातात आली की ती त्याच दिवशी कामाला लागते. म्हणून माझं सांगणं साधं आहे: ज्या चलनात बोटीचा हिशेब चालतो, त्याच चलनात टिप द्या आणि नोटांत द्या.

अमेरिकन डॉलरची एकाचीही नोट निघते, त्यामुळे तिथे सोपं जातं. युरो, पौंड, कॅनेडियन डॉलर यांची सगळ्यात लहान नोट पाचाची, त्याखाली सगळी नाणी. आपल्या माणसांना वाटतं, दोन युरोचं नाणं म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये झाले की. किमतीने झालेच. पण अशी पाच नाणी ठेवण्यापेक्षा दहा युरोची एक नोट ठेवा, ती कुठल्याही बंदरात मोडते. डॉलरच्या बोटीवर युरोची किंवा पौंडाची स्वच्छ नोट दिली तरी काही बिघडत नाही, ती आम्ही बदलून घेत असू. दोन पैसे कमी मिळायचे, इतकंच. स्कॉटलंडच्या बँकांच्या नोटा मात्र नकोत. त्या ब्रिटनबाहेर दाखवल्या की मनी चेंजर मान हलवतो.

बहामाची गोष्ट वेगळीच आहे. तिथल्या राजधानीत, नासाऊच्या बाजारात अमेरिकन डॉलर आणि बहामी डॉलर दोन्ही चालतात, एकास एक अशा बांधलेल्या भावाने. प्रवासी अमेरिकन नोट देतात आणि मोड म्हणून बहामी नोटा मिळतात. मग बोटीवर येऊन त्याच आम्हाला. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याच्या लेखी ते दहा डॉलरच. पण बहामाबाहेर त्या नोटेला कुणी विचारत नाही. आम्ही त्या साठवून ठेवायचो आणि नासाऊला उतरणाऱ्या एखाद्याकडे द्यायचो, तो सगळ्यांसाठी शांपू आणि फोनची कार्डं आणायचा.

आता रुपयांबद्दल, कारण हे पत्र मराठी माणसांसाठी आहे आणि गेल्या काही वर्षांत आपली माणसं फार मोठ्या संख्येने बोटींवर येऊ लागली आहेत. याचा मला आनंद आहे. पहिल्यांदा कॉरिडॉरमध्ये ‘अगं, किल्ली घेतलीस का?’ असं ऐकलं तेव्हा हातातले टॉवेल तसेच धरून मी उभा राहिलो होतो.

२०१६ च्या जुलैमध्ये आम्ही अलास्काच्या फेरीवर होतो. केचिकन, जुनो, स्कॅगवे. पुण्याहून एक मोठा ग्रुप आला होता, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. त्यांच्या केबिन माझ्याकडे नव्हत्या, पलीकडच्या बाजूला बालीचा माझा जोडीदार होता, त्याच्याकडे होत्या. सात दिवस त्या माणसाने त्यांचं काय नाही केलं! कुणाला गरम पाण्याची किटली, कुणाला जादा उशी, एका आजींना रात्री गुडघा शेकायला पिशवी. शेवटच्या रात्री तो लिनन ठेवायच्या खोलीत माझ्याकडे आला. हातात पाकिटांचा गठ्ठा. आहेराची पाकिटं, लाल-पिवळी, वर गणपती छापलेला, आणि प्रत्येकावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. अकरा पाकिटं, प्रत्येकात पाचशेची एक नोट. एकूण पाच हजार पाचशे अकरा रुपये.

“ब्रदर, हे नाणं कशाचं? देवाचं आहे का?” त्याने विचारलं.

मी सांगितलं, आमच्याकडे शुभकार्यात रक्कम शून्यावर संपवत नाहीत. वर एक रुपया देतात, म्हणजे देणं-घेणं पुढे चालू राहावं. मनापासून दिलेली वस्तू आहे ही. त्याने एक नाणं नखाने अलगद सोडवलं आणि म्हणाला, हे मी ठेवतो. ते त्याने आपल्या लॉकरच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावलं. साइन ऑफ होईपर्यंत, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून बोट सोडेपर्यंत, ते तिथेच होतं. मग नोटांकडे बघून त्याने विचारलं, या कुठे बदलतील?

कुठेच नाही. जुनोला नाही, सिअ‍ॅटलला त्याला उतरायला वेळ नाही, त्याच्या बालीतल्या देनपसारला कोण रुपये घेणार? बोटीच्या ऑफिसात तर प्रश्नच नाही. मी माझ्या जवळचे ऐंशी डॉलर त्याला दिले आणि नोटा घेतल्या. तेव्हा डॉलर सदुसष्टच्या आसपास होता, म्हणजे हिशेब जवळपास बरोबर होता. माझं कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीत संपणार होतं, घरी गेल्यावर चालतील म्हणून त्या लॉकरमध्ये ठेवल्या.

मग ८ नोव्हेंबर उजाडला. आम्ही तोवर कॅरिबियनमध्ये आलो होतो. त्या दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, त्यामुळे प्रत्येक केबिनमध्ये टीव्ही चालू, प्रत्येक टीव्हीवर तेच. आपल्याकडचे रात्रीचे आठ म्हणजे आमच्याकडे सकाळचे साडेनऊ. मी चादर ओढत होतो आणि गॅलीतला, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातला, एक गोव्याचा मुलगा धावत आला, पाचशे आणि हजारच्या नोटा आज रात्रीपासून बंद. बोटीवरच्या आम्हा भारतीयांच्या लॉकरमध्ये थोड्याफार नोटा प्रत्येकाच्याच होत्या, विमानतळावरून घरी जायला लागतात म्हणून ठेवलेल्या.

त्या काळात देशाबाहेर असलेल्यांना नोटा बदलायला ३१ मार्च २०१७ पर्यंत आणि अनिवासींना ३० जूनपर्यंत मुदत दिली होती, पण रिझर्व्ह बँकेच्या पाचच कार्यालयांत: मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, नागपूर. मी फेब्रुवारीत उतरलो, विमानतळावर सीमाशुल्काचा शिक्का मारून घेतला, आधी घरी गेलो, मग कोकणकन्येने परत मुंबई. बँकेत काम रीतसर झालं, कुणाबद्दल तक्रार नाही. पण दोन महिन्यांच्या सुट्टीतले तीन दिवस आणि जाण्यायेण्याचा खर्च, बालीच्या माणसाला दिलेल्या एका आहेरापायी. त्या आजींनी हेच पाचशे रुपये पुण्यात डॉलर करून आणले असते तर सात डॉलर झाले असते. पाचाची एक नोट, एकाच्या दोन. आहेराच्या पाकिटात घालून वर रुपया चिकटवला असता तरी किती छान दिसलं असतं.

भारतीय कर्मचाऱ्याला रुपये दिले तर? त्याला ते घरी चालतील हे खरं, पण आठ महिने लॉकरमध्ये ठेवून, आणि देशात येताना पंचवीस हजारांहून जास्त रुपये आणता येत नाहीत. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या बोटीवर गोष्ट निराळी. तिथला हिशेबच रुपयांत, तिथे रुपयेच द्यावेत, अगदी खुशाल एकशे एक, पाचशे एक.

नोटा कशा असाव्यात तेही सांगायला हवं. आपल्याकडे नोटेवर पेनाने आकडा लिहितात, घडी करून करून मऊ करतात, अजूनही कोणी कोणी पिन मारतात. इंडोनेशियात डॉलरची नोट बदलताना मनी चेंजर ती उजेडात धरून बघतो. घडीची रेघ पडलेली, पेनाचा ठिपका असलेली, कोपरा गेलेली नोट तो सरळ परत करतो किंवा भाव पाडून मागतो. माझा तो जोडीदार डॉलर एका जाड पुस्तकात पानापानांत ठेवायचा, इस्त्री केल्यासारखे. म्हणून नोटा पाकिटात सपाट ठेवाव्यात. पाच, दहा आणि वीसच्या असल्या म्हणजे पुरे. शंभराची एकच नोट असेल तर ती रिसेप्शनवर मोडून मिळते, पण शेवटच्या रात्री तिथे लांब रांग असते, आधीच्या दिवशी जावं. हल्ली पुष्कळ जण फक्त फॉरेक्स कार्ड घेऊन येतात आणि शेवटच्या रात्री बोटीवरच्या एटीएमला बरंच शुल्क भरून पैसे काढतात. निघतानाच पन्नास-शंभर डॉलरची मोड बरोबर घ्यावी. रोख नकोच असेल तर बऱ्याच बोटींवर रिसेप्शनला जाऊन आपल्या खात्यावरून एखाद्याच्या नावाने जादा टिप घालता येते.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला चिल्लरीपेक्षाही जास्त लागते. मी पहिल्यांदा बोटीवर गेलो तेव्हा माझा मूळ पगार महिन्याला पन्नास डॉलर होता. बाकी सगळं टिपांवर. शेवटच्या रात्री प्रवाशांच्या केबिनमध्ये कोरी पाकिटं ठेवायचो आणि सोबत एक कागद: स्टुअर्डला माणशी दिवसाला साडेतीन डॉलर, वेटरला साडेतीन, त्याच्या मदतनिसाला दोन. पुढे कंपन्यांनी ही रक्कम आपोआप बिलात लावायला सुरुवात केली. आता मोठ्या अमेरिकन बोटींवर ती माणशी दिवसाला साधारण सोळा ते वीस डॉलर असते आणि त्यात स्टुअर्ड, वेटर यांच्याबरोबर तुम्हाला कधीच न दिसणारी, कपडे धुणारी आणि भांडी घासणारी मुलंही येतात. काही कंपन्या, जसं ब्रिटनची पी अँड ओ, २०१९ पासून वेगळी रक्कम लावत नाहीत, ती भाड्यातच धरलेली असते.

जिथे ती वेगळी लावतात तिथे ती रिसेप्शनवर जाऊन काढून टाकता येते. आणि आपल्यातले बरेच जण ती काढून घेतात, हे मला सांगायला लागतंय याचं वाईट वाटतं. दोघांचे सात दिवसांचे, दिवसाला सोळा धरले तरी, दोनशे चोवीस डॉलर होतात. ते बिलातून वगळायचे आणि ‘आम्ही स्वतःच्या हाताने देऊ’ म्हणायचं. मग शेवटच्या सकाळी टेबलावर मूठभर नाणी. काही जण स्वतःच्या हाताने खरंच भरपूर देतात, ते मी पाहिलंय. पण माझ्या बोटीवर नियम असा होता की ज्या केबिनची रक्कम काढलेली आहे, तिथून मिळालेली रोख आम्ही ऑफिसात जमा करायची आणि ती सगळ्यांत वाटली जायची. ती रक्कम बिलात राहू द्यावी आणि कुणी विशेष केलं असेल तर वरून नोट द्यावी. वरची नोट त्याची एकट्याची असते. टूर कंपनीने ‘टिप समाविष्ट’ म्हटलं असेल तर ती कुणाची टिप, बोटीची की फक्त बसच्या ड्रायव्हरची, हे बुकिंगच्या वेळीच लेखी विचारून घ्यावं.

खाऊ देणाऱ्यांचे आभार मानायचे राहिले. एका काकूंनी मला स्कॅगवेच्या थंडीत कडबोळ्यांची पिशवी दिली होती, ती आम्ही सहा जणांनी मोजून खाल्ली. टिप दिलेली होतीच, वर कडबोळी.

संपादकांना विनंती अशी की पुरवणीच्या पुढच्या अंकात त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. उन्हाळ्याच्या सहलींची बुकिंगं सुरू आहेत आणि लोक अशी पानं कापून बॅगेत ठेवतात. माझ्या शेजारचं जोडपं मे महिन्यात अलास्काला निघालंय, त्यांनीही ठेवलं होतं. मी त्यांना घेऊन मनी चेंजरकडे गेलो. तो म्हणाला, शंभराच्याच नोटा आहेत. आम्ही दोनदा परत गेलो. तिसऱ्या वेळी त्याने पाचाच्या तीस नोटा काढून ठेवल्या होत्या. त्या प्रत्येक नोटेची दोन्ही बाजू काकांनी तिथेच उजेडात धरून पाहिली, दोन परत केल्या, बदलून घेतल्या आणि वहीच्या पानांत सपाट ठेवल्या.

आपला वाचक,
एक निवृत्त केबिन स्टुअर्ड,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग